खातेवही कोणत्या सालापासून?

साल १९३८. कुंभकोणमजवळचं इन्नंबूर. कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातखाचरांच्या बांधावरून चिखल तुडवत तुम्ही जुन्या शिवमंदिरापाशी येता. चोळ राजाला देवळाच्या हिशेबनिसाचा संशय आला, तेव्हा शंकरानेच त्याचं रूप घेऊन चोख हिशेब दाखवला, अशी इथली कथा. असा हा अक्षरं जाणणारा देव. मुलं मुळाक्षरं गिरवायला लागण्याआधी आईबाप त्यांना इथे आणतात.

सगळेच आईबाप नव्हेत. तुमच्या शेजारून एक बाई भाताचा भारा डोक्यावर घेऊन जाते, मागे सहा वर्षांचा मुलगा. ती पण्णैयाळ, जमीनदाराच्या शेताला पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली मजूर. घर गावाबाहेर, चेरीत, म्हणजे दलित वस्तीत. देवळाकडे ती वळतसुद्धा नाही. मद्रासचा मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला अजून वर्ष आहे. मुलाचं वय तेवढं लक्षात ठेवा.

आता शंभर वर्षं मागे चला. कुंभकोणमच्या एका वाड्यात शिरलात की कानांवर चक्क मराठी पडते. तंजावरला अजून भोसल्यांची गादी आहे. इथे १८२८ साली जन्मलेला माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा दिवाण होणार आहे. सर टी. माधवरावांचं नाव आपण अभिमानाने घेतो, आणि माणूस होताच तसा कर्तबगार. पण त्याचे काका वेंकटराव आणि वडील रंगराव हेही त्रावणकोरचे दिवाण होते. दप्तर, दरबार, इंग्रजी शाळा ही नावं या मुलाने घरातच ऐकली. गुण त्याचे स्वतःचे, जिना मात्र आधीच बांधलेला.

जुलै १९५०. तुम्ही मद्रास उच्च न्यायालयात बसला आहात. श्रीनिवासन नावाच्या विद्यार्थ्याला ४५० पैकी ३६९ गुण आहेत, तरी गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा नाही. सरकारी आदेशाने दर १४ जागा वाटून टाकल्या आहेत: ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व ख्रिश्चनांना १, मुसलमानांना १. याच आदेशाविरुद्धचा चंपकम दोराईराजन यांचा दुसरा अर्ज वैद्यकीय प्रवेशाबद्दल आहे. श्रीनिवासनच्या बाजूने उभे आहेत अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, घटनेच्या मसुदा समितीतले. या विद्यार्थ्याने कुणाचं काय बिघडवलं, असं तुम्हाला वाटतं. ते वाटणं खोटं नाही.

पण इन्नंबूरचा तो मुलगा आता अठराचा झाला आहे. तो या न्यायालयात नाही, कुठल्या गुणपत्रिकेतही नसावा. न्यायालयाने हिशेब मार्च १९५० च्या परीक्षेपासून मांडला. त्याच्या आईचा हिशेब त्याहून कितीतरी आधी सुरू होतो.

उच्च न्यायालयाने रद्द केलेला आदेश ९ एप्रिल १९५१ ला सर्वोच्च न्यायालयही रद्दच ठरवतं. तुम्ही संसदेच्या सज्जात जाऊन बसता. घटनादुरुस्तीच्या बाजूने बोलायला कायदामंत्री आंबेडकर उठतात. त्यांना १९१३ साली कोलंबियाला पाठवलं होतं सयाजीराव गायकवाडांनी. त्याच सयाजीरावांच्या अल्पवयात बडोद्याचा कारभार माधवरावांनी सांभाळला होता. जूनमध्ये कलम १५ ला चौथं उपकलम जोडलं जातं आणि मागासांसाठी खास तरतूद करायला वाट मोकळी होते.

आता आजच्या दिवसात या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ ला महाविद्यालयांना प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. इकडे तमिळनाडूत मात्र आरक्षण ६९ टक्के आहे. शिवाय २०२० पासून ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा आहेत. त्या कायद्याने वारशाचं नवं खातं ओळखलं: महागडी शिकवणी कुणाला परवडते. जात मिटली नाही, तिच्या शेजारी पैसा येऊन बसला.

म्हणून वहीत नवे रकाने घालायला हरकत नाही, घालायलाच हवेत. जुने खोडायचे, तर त्यांतली बाकी फिटल्याचं आधी दाखवावं लागेल, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी जिना आयता मिळालेल्यांची.