ज्या कडीला झोळी, त्याच कडीला झोका

आज आपण घरातल्या लेकराच्या जागेबद्दल बोलू. शहरात आता लेकरासाठी वेगळी खोली सजवतात. लेकरू वाढेल तशी खोलीही बदलता यावी, असा विचार त्यात असतो. आपल्या दोन खणांच्या घरात वेगळी खोली कुठून आणायची? पण लेकराबरोबर वाढणारी जागा आपल्या आज्या-पणज्यांनी केव्हाच करून ठेवली होती. तिची गोष्ट आपल्या तेरपासूनच सुरू करता येते.

दोन हजार वर्षांपूर्वी तेरचं नाव होतं तगर. एका ग्रीक व्यापाऱ्यानं त्या काळी लिहून ठेवलंय की, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जातं. 1958 मध्ये इथं उत्खनन झालं. त्याशिवाय आपल्याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जपून गोळा केल्या. आज गावातलं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे. तिथं भाजलेल्या मातीच्या आणि पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. साच्यात पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा काढून, मग जोडून त्या घडवलेल्या. मातीची जनावरंही आहेत. त्यातलं सगळंच खेळण्यातलं नसेल, काही पूजेतलंही असेल. पण ज्या गावात कुंभाराचं चाक फिरतं, तिथल्या लेकराच्या हाती मातीचा बैल येतोच. पोळ्याला अजूनही येतो.

याच गावात तेराव्या शतकात गोरोबाकाका झाले. त्यांची कथा आपण कीर्तनात ऐकत मोठ्या झालो. बायको पाण्याला गेली, लेकरू अंगणात होतं, काका नामात दंग होऊन चिखल तुडवत होते, आणि रांगतं लेकरू चिखलात आलं. पुढं पांडुरंगानं ते परत दिलं, असं कथा सांगते. कीर्तनकार ती भक्तीसाठी सांगतात, ते बरोबरच आहे. पण आम्ही बाया ती ऐकतो तेव्हा आमचा जीव त्या पाण्याला गेलेल्या बाईपाशी अडकतो. तिनं लेकरू टाकलं नव्हतं, बापाच्या नजरेसमोर ठेवलं होतं. घरातच कामाचा कारखाना, आणि लेकराला बसायला निराळी जागा नाही. आजही चूल, विळी, पाण्याचा हौद, फवारणीच्या औषधाची बाटली, सगळं रांगत्या लेकराच्या हाताशीच असतं.

म्हणून जुन्या बायांनी काय केलं, ते बघू. माळवदाच्या तुळईला एक कडी असायची. लेकरू तान्हं असलं की, त्या कडीला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. बारशाला सुताराचा लाकडी पाळणा यायचा, बहुतेक वेळा भावकीतून फिरत आलेला. एकाच पाळण्यात चुलतभावंडं, आतेभावंडं वाढायची. लेकरू उभं राहू लागलं की पांगुळगाडा. त्याच्या पुढं भातुकली, कुंभाराकडची बोळकी. संक्रांतीला बोरन्हाण झालं की बोरं वेचताना बोटं कामाला लागायची. आणि झोळी सुटली की त्याच कडीला दोर बांधून झोका व्हायचा. कापडाचंही तसंच. मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं, दुपटं विरलं की ते वाकळीच्या पोटात. ज्या तगरचं कापड भडोचला जायचं, त्या गावातली बाई चिंधीसुद्धा वाया घालवत नव्हती.

पण बाई घराबाहेर कामाला गेली की कडी मागं राहायची. 1972 च्या दुष्काळात आपल्या भागातल्या बाया खडी फोडायला गेल्या, तेव्हा झोळी झाडाला बांधली गेली. लेकराकडं बघायला थोरली पोर बसायची. तिची शाळा बुडायची, ते कुणी मोजलं नाही.

ही अडचण ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधीच ओळखली होती. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. गरिबांची लेकरं बालवाडीत येईनात, तर त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि अंगणातच लेकरं जमवली. तीच अंगणवाडी. महागडी साधनं न आणता बिया, पानं, खडे, शंख-शिंपले घेऊन त्या शिकवायच्या. पुढं कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र चालवली. मग कडेवरचं भावंड पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू लागली. लेकराबरोबर वाढणारी जागा म्हणतात ती हीच. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी गेला. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातही लिहिलं गेलं की, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. लेकरू सांभाळणं हे काम आहे, हे कायद्यानं मान्य केलं. घरानं अजून पुरतं मान्य केलेलं नाही.

तर सख्यांनो, आज संध्याकाळी एक करा. घरात जमिनीवर बसा आणि लेकराच्या उंचीवरून घर बघा. हाताला काय काय लागतं? औषधाची बाटली कुलपात ठेवा, हौदावर झाकण टाका. लेकरू बसायला, वळायला लागलं की झोळीत एकटं ठेवू नका, गळ्याला फास बसतो. मग एक कोपरा ठरवा. खाली वाकळ, टोपलीत बोळकी आणि चिंध्यांची बाहुली. चित्र लावायचं तर आपल्या डोळ्यांसमोर नको, लेकराच्या डोळ्यांसमोर लावा. भिंतीचा खालचा हातभर भाग काळा रंगवा, आज रेघोट्या उमटतील, चार वर्षांनी तिथंच मुळाक्षरं येतील. दर पाडव्याला उंचीची खूण करा. मुलीचीही करा.

आणि पाण्याला निघताना घरातल्या पुरुषाला नुसतं 'बघा जरा' म्हणून जाऊ नका. लेकरू त्याच्या हातात द्या, त्यानं घेतलं की मगच उंबरा ओलांडा.