छप्पन्न टक्के अंधार

बीड शहराबाहेर खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, १५८२च्या सुमारास बांधलेली. तिची ख्याती अशी, की उन्हाळा असो वा पावसाळा, पाण्याची पातळी जवळपास तेवढीच दिसते. वर्गात मी हे मोठ्या कौतुकाने सांगत असे. पण अशा विहिरीत डोकावून पाणी किती उपसले गेले ते कळत नाही, ही गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर शिकायला मिळाली, तीही एका बॅटरीकडून!

शेतातल्या आमच्या घरी वीज आहे ती फक्त सौरऊर्जेची. पूर्वी शिशाची बॅटरी होती. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्तेने केलेल्या बॅटरीचाच तो वंश. तिचे एक बरे होते. चार्ज उतरत जाईल तसा व्होल्टेज उतरे आणि आतले आम्लही पातळ होई. हायड्रोमीटर बुडवला की खरे काय ते कळे. पुढे मुलाने लिथियमची नवी बॅटरी बसवली, १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची. हिच्यातले लोह-फॉस्फेट १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या गटाने जगापुढे आणले. बॅटरी टिकाऊ, पण स्वभाव खजाना विहिरीचा. ऐंशी टक्के भरलेली असो वा तीस, व्होल्टेज जवळपास तोच. म्हणून तिच्यासोबत भिंतीवर एक छोटा पडदा लागतो. तो व्होल्टेज बघून अंदाज करत नाही, आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजून शिल्लक दाखवतो. मुलाच्या मोबाइलवर पुण्यातही तोच आकडा दिसतो.

गेल्या पावसाळ्यात तीन दिवस आभाळ भरलेले होते. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास सौ.ना दम लागला. नेब्युलायझर लावला, आणि दोन मिनिटांत घर अंधारात गेले. पडदाही काळा. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, शेवटची नोंद छप्पन्न टक्के आहे. बॅटरी संपलेली नाही, दुसरं काहीतरी बघा." काय बघणार? पंप तोंडात मारला, खिडकी उघडली, कोमट पाणी दिले. ती पहाटेपर्यंत उशीला टेकून बसून राहिली. उजाडल्यावर जरा बरे वाटले तेव्हा म्हणाली, "आता त्या पडद्यालाच विचारा, मी कशी आहे ते."

ते वाक्य फार लागले.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मी मुळापासून सुरुवात केली. वीज मोजायची कशी, हा प्रश्न एडिसनलाही पडला होता. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केले, पण गिऱ्हाइकाने किती वीज वापरली हे ठरवायचे कसे? त्याने फॅरेडेचा नियम वापरला: द्रावणातून जेवढी वीज जाईल तेवढाच धातू एका पट्टीवरून दुसरीवर जातो. घरोघरी जस्ताच्या पट्ट्यांची बरणी बसवली. महिन्याने कंपनीची माणसे पट्ट्या नेऊन वजन करत. मात्र सगळी वीज बरणीतून जात नसे. मुख्य प्रवाह एका जाड धातूच्या वाटेने जाई आणि अगदी लहानसा हिस्सा बरणीत वळवलेला असे. त्या जाड वाटेला शंट म्हणतात.

आमच्या बॅटरीच्या ऋण टोकाशीही असाच शंट आहे. त्यातून ५०० अँपिअर गेले तर दोन टोकांत ५० मिलिव्होल्ट फरक पडतो. तो फरक मोजून पडदा हिशेब ठेवतो. दीडशे वर्षे होत आली, युक्ती तीच. आणि तिची मर्यादाही तीच: जे शंटमधून जाईल तेच मोजले जाईल. शाळेच्या हजेरीपटासारखे. मागच्या दाराने गेलेला मुलगा पटावर हजरच!

त्या संध्याकाळी घरातले एकूण एक बटण बंद केले. पडद्यावर शून्य अँपिअर. बाहेर पाहतो तर गोठ्यातले दिवे लख्ख चालू होते, आणि कुंपणाचे झटका मशीनही टकटक करत होते.

बॅटरीपाशी बसून वायर हाताने चाचपत गेलो. गोठ्याची काळी वायर शंट ओलांडून थेट बॅटरीच्या टोकावर कसलेली. दीड अँपिअर, बारा तास, म्हणजे रात्रीचे अठरा अँपिअर-तास. तीन रात्रींचे चोपन्न. छप्पन्नातून चोपन्न गेले, राहिले दोन! स्वच्छ उन्हाच्या दिवसांत बॅटरी रोज पुरती भरायची आणि चूक झाकली जायची. ढग आले आणि उघडी पडली.

ती वायर कुणी जोडली? जोडणारा पोरगा विचारत होता, "सर, शंटच्या त्या बाजूने घेऊ का?" मीच म्हणालो होतो, "कशाला, हातभर वायर वाचेल."

वायर हलवली, बॅटरी पूर्ण भरली आणि पडद्याला नव्याने शंभर टक्के सांगितले. आता आकडा खरा येतो. तरी नेब्युलायझरसाठी एक वेगळी छोटी बॅटरी भरून ठेवतो, आणि ढग आले की गोठ्यातला एकच दिवा लावतो.

मुलाला फोन करून म्हणालो, "तुझा पडदा खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं दिसू दिलं तेवढंच तो सांगत होता." तो हसला. सौ.ना मात्र हे सांगायला मला आठ दिवस लागले. ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "हातभर वायर ना?"

असो.