फुलांच्या दरीची पायवाट

फुलांच्या दरीची पायवाट ही उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यात घांगरिया या वस्तीपासून पुष्पावती नदीच्या खोऱ्यात जाणारी डोंगरवाट आहे. ती ८७.५ चौ. कि.मी. क्षेत्राच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानातून जाते. उद्यानाची घोषणा १९८२ साली झाली. २००५ साली नंदादेवी उद्यानाच्या जोडीने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

घांगरिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटर उंचीवर आहे. वस्तीच्या पुढे वाट दुभंगते. उजवी हेमकुंड साहिबकडे चढते, डावी दरीत उतरते. अरुंद घळीत पुष्पावतीवरचा पूल ओलांडला की भूर्ज आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या झाडीतून खडा चढ लागतो. झाडी संपताच खोरे एकदम रुंदावते. वरच्या टोकाला टिपरा हिमनदी असून तीच पुष्पावतीचा उगम होय. बर्फाच्या पाण्याचे अनेक ओहोळ वाट ओलांडतात. जून महिन्यात घळींत बर्फ साचलेला असतो; फुलांचा खरा बहर भर पावसात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत असतो. निळी हिमालयीन खसखस खडकांच्या आडोशाला आढळते. पुरुषभर उंचीचा गुलाबी तेरडा मात्र सर्वत्र दिसतो; सह्याद्रीतील तेरड्याचाच तो सगोत्र. दरीत मुक्कामास मनाई आहे.

फ्रँक स्माइथ व त्यांचे सहकारी १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना येथे उतरले. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या स्माइथ यांच्या पुस्तकामुळे दरीचे नाव जगभर झाले. वनस्पतींचे नमुने गोळा करताना १९३९ साली कड्यावरून पडून मृत्यू पावलेल्या जोन मार्गारेट लेग यांची समाधी दरीतच आहे. स्माइथ यांनी दरीचा 'शोध' लावला, असे सर्रास लिहिले जाते. ते योग्य नव्हे. भ्यूंडार खोऱ्यातील पशुपालक त्यापूर्वीपासून येथे गुरे-मेंढ्या चारीत असत.

उद्यान झाल्यावर ही चराई बंद झाली. पुढे पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही हिमालयातीलच उंच, दाट वाढणारी वनस्पती दरीत फोफावली आणि तिच्या सावलीत लहान फुलझाडे खुरटू लागली. जनावरांच्या खाण्यातुडवण्याने ती आटोक्यात राहत होती, असे चराईच्या बाजूचे लोक म्हणतात. उलट, दरडी, हिमलोट आणि पूर्वीच्याच चराईने उघड्या पडलेल्या जमिनीवर तिचा जम बसला, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. वाद मिटलेला नाही. वनखाते ती उपटून काढते. पण जमिनीखालच्या खोडाचा तुकडा राहिला, तरी ती पुन्हा फुटते.