वीस लाख पेशी

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी, जेमतेम करंगळीएवढी जाड दोरी. मेंदूने पायाला सोडलेला हुकूम तिच्यातूनच खाली जातो आणि पायात काटा रुतल्याची खबर तिच्यातूनच वर येते. हाड मोडलं तर सांधतं, कातडी भरून येते, ही दोरी मात्र एकदा तुटली की जुळत नाही. एडविन स्मिथच्या नावाने ओळखला जाणारा, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक इजिप्शियन पपायरस आहे. त्यात मानेचा कणा निखळून हातपाय लुळे पडलेला रोगी आहे, आणि वैद्याचा निकालही: यावर उपचार करायचा नाही!

हा निकाल बदलायला फार काळ लागला. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी खास विभाग सुरू केला. पाठीला पडणाऱ्या जखमा आणि लघवीतला जंतुसंसर्ग यांनी जी माणसं मरायची, ती जगायला लागली. दोरी मात्र तुटलेलीच राहिली.

मूलपेशींची गोष्ट त्यानंतरची. मे १९९५ मधे सुपरमॅनची भूमिका करणारा ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. १९९८ मधे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी यांच्यापासून बनू शकते. रीव्ह या संशोधनाचा चेहराच झाला. पण पेशींसाठी भ्रूण नष्ट करावा लागतो, म्हणून ऑगस्ट २००१ मधे बुश यांनी सरकारी पैशाला वेसण घातली. ऑक्टोबर २००४ मधे रीव्ह गेला. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मूलपेशी संशोधनाला तीन अब्ज डॉलर मंजूर केले.

माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान २००५ चं आहे, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. कॅलिफोर्नियात हान्स किअरस्टेड यांच्या गटाने मूलपेशींपासून चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी तयार केल्या (विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं ना, तसं आवरण) आणि त्या जखमी उंदरांना दिल्या. जखमेनंतर सात दिवसांनी पेशी मिळालेले उंदीर बरे चालू लागले. दहा महिन्यांनी मिळालेल्यांमधे फरक पडला नाही.

पुढे माणसांवरच्या काही चाचण्या आखल्या गेल्या त्या ताज्या जखमेसाठी. ऑक्टोबर २०१० मधे जेरॉन कंपनीने अटलांटात पहिल्या रुग्णाला वीस लाख पेशी दिल्या. अट होती, जखम सात ते चौदा दिवसांचीच हवी. एकूण पाच जणांना पेशी मिळाल्या. त्यांचा गंभीर त्रास कुणालाच झाला नाही, पण चालायलाही कुणी लागलं नाही. नोव्हेंबर २०११ मधे कंपनीने आर्थिक कारण देऊन काम थांबवलं.

जपानने वेगळी वाट धरली. शिन्या यामानाका यांनी २००६ मधे उंदराच्या आणि २००७ मधे माणसाच्या कातडीच्या पेशी मागे फिरवून मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. भ्रूणाचा वादच मिटला! डिसेंबर २०२१ पासून टोकियोच्या केइओ विद्यापीठात चौघांना अशा पेशींपासून केलेल्या, पुन्हा वीस लाखच, पेशी दिल्या गेल्या. जखम दोन ते चार आठवड्यांची. मार्च २०२५ मधे निकाल जाहीर झाला: दोघांमधे लक्षणीय सुधारणा, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहिला. फार मोठी गोष्ट आहे ही. पण ताज्या जखमेत थोडी सुधारणा आपोआपही होते, आणि चौघांवरून यातलं श्रेय पेशींचं किती ते ठरवता येत नाही.

आता हे इथे का लिहितोय? आमच्या नात्यातला एक मुलगा आंब्यावरून पडला त्याला अकरा वर्षं झाली. अशी काही बातमी आली की त्याच्या आईला चार फोन जातात. एका दवाखान्याने तर इंजेक्शनांचे काही लाख सांगितले. मी विचारलं, जखम इतकी जुनी आहे, चालेल? म्हणे, जुन्या-नव्याने काही फरक पडत नाही.

उंदरांना पडला होता.

जुन्या जखमेवर काम होतच नाही असं नाही. २०१८ मधे सान दिएगोच्या डॉक्टरांनी एक-दोन वर्षांपूर्वी जखमी झालेल्या चौघांचा अहवाल छापला. पेशी सुरक्षित ठरल्या, एवढंच ठामपणे सांगता आलं. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूसाठी मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. चाचणीत सामील होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

तेव्हा नातेवाईक मंडळी, पुढच्या वेळी बातमी आली तर त्या माउलीला फोन करण्याआधी दोनच गोष्टी बघा. जखम किती दिवसांची होती, आणि पैसे कोण कुणाला देत होतं. 'उपचार करायचा नाही' पासून 'चौघांपैकी दोघे' इथवर यायला साडेतीन हजार वर्षं लागली. पुढचा आकडाही येईल. तोवर तिच्या हातातल्या बांगड्या तिच्याच हातात राहू देत.