खांद्याची तालीम

कोल्हापुरात ‘तालीम’ हा शब्द पेठापेठांतून इतक्या सहजपणे कानी पडतो, की तो येथल्या तांबड्या मातीतच उगवला असावा असे परस्थाला वाटावे. वस्तुतः तो अरबी, त्याचा मूळ अर्थ शिक्षण, आणि फारसीच्या वाटेने मराठीत आल्यावर त्याने मक्तब सोडून आखाडा धरला. वस्ताद, पैलवान, जोर ही मंडळीही फारसीचीच. भिंतीशी उभी असलेली मुद्गलांची जोडी मात्र निराळ्या कुळातली: संस्कृत ‘मुद्गर’ म्हणजे घण, हातोडा, त्याच्या रकाराचा लकार होऊन मुद्गल झाला, आणि धोब्याची मोगरीही त्याच घराण्यातली.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अंमलदारांनी ही लाकडे उचलली आणि स्वदेशी नेली. 1866 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये ती फिरवण्याची स्पर्धाही झाली. परंतु दुखऱ्या अवयवाला वजन द्यावे, हा विचार पाश्चात्त्य वैद्यकात रुजायला आणखी चार दशके लागली. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डिलॉर्म या वैद्याने जखमी सैनिकांचे क्षीण झालेले स्नायू क्रमाक्रमाने वाढत्या वजनाने सावरले, आणि 1945 मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. आधी हलकी जोडी, ती पेलली की जड, हा तालमीतला क्रम जाणणाऱ्याला यात ओळखीचे काही दिसेल.

खांद्याची गोष्ट अधिक नाजूक. चार स्नायूंच्या कंडरा (सुश्रुताने शरीरात सोळा मोजल्या आहेत, त्याची गणना अर्थात निराळी) दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला आवळून धरतात, आणि त्यांतली वरची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या अरुंद वाटेने जाते. ती झिजून दुखू लागली म्हणजे आपण हात जपून ठेवतो. पण ओढच लाभली नाही तर कंडरा अधिक दुबळी होते. बेताची ओढ बसली की तिच्या पेशी जाग्या होऊन नवे तंतू विणू लागतात, आणि हे काम दिवसांचे नव्हे, महिन्यांचे असते. कंडरा पुरती तुटली असेल तर गोष्ट वेगळी. ती वैद्यानेच पाहावी.

हे मी ग्रंथांतून नव्हे, माझ्या उजव्या खांद्याकडून शिकलो. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना कळ उठे, म्हणून दोन महिने मी त्याला स्वस्थ ठेवले, आणि तो अधिकच आखडला. मग उपचार करणाऱ्या बाईंनी कोपर कुशीशी टेकवून, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरून, खिडकीच्या गजाला बांधलेली रबरी पट्टी सावकाश बाहेर ओढायला आणि त्याहून सावकाश परत सोडायला सांगितले. किंचित दुखले तर चालेल, पण रात्री ठणकता कामा नये. डोक्यामागून करेला (हा मुद्गलाचाच प्रकार) फिरवण्याची माझी हौस त्यांनी साफ मोडून काढली, आणि मला ते योग्यच वाटते: ती चाल सशक्त खांद्याची, दुखऱ्याची नव्हे.

तिसऱ्या महिन्यात पिवळी पट्टी उतरून तांबडी, अधिक ताठ, गजाला आली.