लोणारचा व्रण

भिवपुरीच्या वीजगृहामागे उभा असलेला काळा कातळ आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा कातळ ही एकाच लाव्ह्याची लेकरे. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. सगळा मुलूखच अग्निजन्य, तेव्हा १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविलेले लोणारचे विवर ज्वालामुखीचे मुख मानले गेले, यात नवल ते काय? १९७३ साली फ्रेड्रिकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवरातील खडकांत आघाताने काच झालेली खनिजे दाखविली. असा दाब कोणताही ज्वालामुखी देत नाही. तो आकाशातून आलेल्या अशनीचाच.

असा आघात पुन्हा केव्हा होईल? हे गणित जुने व्रण मोजून मांडावे लागते आणि इथेच गाडे अडते. पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या या विवराचे वय एका पद्धतीने ५२ हजार वर्षे ठरले, २०११ सालच्या दुसऱ्या मापनाने पावणेसहा लाखांच्या आसपास. शिवाय कित्येक व्रण पुसले गेले असणार. लोणार कमी पावसाच्या पठारावर आहे, म्हणून टिकले. भिवपुरीच्या घाटउतारावर, जिथे दर पावसाळ्यात ओढे कातळ कापीत खाली येतात, तेथे असे विवर एवढा काळ तग धरते ना!