शत्रूच्या घराची पायाभरणी

सुट्टीच्या काळात परदेशी जाऊन गोरगरिबांची घरे बांधण्याचा उपक्रम आज अनेक देशांतील ख्रिस्ती युवक हाती घेतात. आपल्याकडील युवकांनाही त्याचे आकर्षण वाटते. मात्र त्याबरोबर एक रास्त प्रश्नही विचारला जातो : प्रवासखर्चाच्या पैशांत तिथल्याच गवंड्यांना काम देता आले नसते काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात डोकवावे लागेल.

1945 साली युद्ध संपले, परंतु निर्वासितांची फरफट संपली नाही. सायलेशिया, पूर्व प्रशिया, पोमेरेनिया, सुडेटनलँड या प्रदेशांतून एक कोटीहून अधिक जर्मनांना घरदार सोडावे लागले. त्यांत लक्षावधी कॅथोलिक होते. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत त्यांना थारा कुठून मिळणार? बराकींत आणि युद्धकाळातील तळघरांत कुटुंबेच्या कुटुंबे दाटीवाटीने दिवस कंठू लागली.

शेजारच्या बेल्जियममध्ये या लोकांविषयी कळवळा वाटावा, असे काहीच घडले नव्हते. जर्मन सैन्याने तो देश 1914 साली आणि पुन्हा 1940 साली तुडवला होता. फ्लँडर्समधील विंक्त या खेड्यात मे 1940 मध्ये ऐंशीहून अधिक निरपराध नागरिक त्या सैन्याच्या गोळ्यांना बळी पडले होते. अशा भूमीत टोंगरलो येथील मठातील फादर वेरेनफ्रीड व्हान स्ट्राटेन या नॉर्बर्टाईन संघाच्या डच धर्मगुरूंनी 1947 च्या नाताळात मठाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. बेथलेहेमच्या धर्मशाळेत ज्याला जागा मिळाली नाही, तो प्रभू आज जर्मन निर्वासितांच्या रूपाने दारोदार फिरत आहे, असा त्या लेखाचा आशय होता.

लेखाला मिळालेला प्रतिसाद थक्क करणारा होता. फादर गावोगाव प्रवचने देत फिरू लागले. पैशांची टंचाई असलेल्या शेतकरी स्त्रियांकडे त्यांनी पैसे मागितले नाहीत. खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एकेक तुकडा मागितला. त्यावरून ‘स्पेकपाटर’, म्हणजे खारवलेल्या मांसाचे फादर, हे टोपणनाव त्यांना जन्मभर चिकटले. विंक्तमध्येही ते गेले. ज्यांच्या घरातली माणसे जर्मनांनी मारली होती, त्यांच्यापुढे त्यांनी जर्मनांसाठी हात पसरला, आणि तो रिकामा परत आला नाही.

तथापि अन्नाने भूक भागते, छप्पर मिळत नाही. 1953 साली फादरांनी ‘बाउओर्डे’ नावाची बांधकाम-सेवकांची संघटना स्थापन केली. बेल्जियम आणि नेदरलँड्समधील विद्यार्थी सुट्टीत सीमा ओलांडून जर्मनीत जाऊ लागले. पाया खणावा, वाळू-सिमेंट कालवावे, विटा वाहाव्या, हे त्यांचे काम. मजुरी नाही, मोबदला म्हणजे जेवण आणि निवारा. ज्यांचे घर उभे राहायचे, ती निर्वासित मंडळीही बरोबरीने राबत. तुटपुंज्या पैशांत घर बांधणाऱ्या कुटुंबाला फुकटचे श्रम हा मोठाच आधार होता.

पण या कार्याचा हिशेब केवळ विटांत मांडता येत नाही. वीट वाहणारा तरुण कोण होता, हे महत्त्वाचे होते. ज्यांचे बालपण जर्मन बुटांच्या आवाजाने भेदरले होते, त्यांनीच जर्मन मुलांच्या डोक्यावर छप्पर घातले. भाड्याने आणलेल्या कुशल गवंड्याने भिंत अधिक सरळ बांधली असती यात शंका नाही. परंतु दोन राष्ट्रांमधली ती दुसरी भिंत त्याच्या हातून पडली नसती. आमच्या मते, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. केवळ स्वस्त मजूर म्हणून जायचे असेल, तर घरी राहून पैसे पाठवणेच शहाणपणाचे.

पुढे ही चळवळ इटली, ऑस्ट्रिया आदी देशांतही पसरली. फादर वेरेनफ्रीड 31 जानेवारी 2003 रोजी, नव्वदी पूर्ण केल्यावर, प्रभुघरी गेले.

अशीच एक चळवळ आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेली. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही ख्रिस्ती प्रेरणेची संस्था 1976 साली अमेरिकेत स्थापन झाली. 2006 साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर देशोदेशीच्या स्वयंसेवकांसह लोणावळ्याजवळील मळवली येथे आले आणि शंभर घरांच्या बांधकामात त्यांनी स्वतः हात घातला. ज्याचे घर, त्यानेही श्रम करावेत, हे तत्त्व येथेही होते. त्यामुळे घेणारा याचक ठरत नाही आणि देणाऱ्याला उपकारकर्त्याचा तोरा मिरवता येत नाही.

आपल्या मुलांनी परदेशी सेवेला जरूर जावे. मात्र निघण्यापूर्वी आपण सर्वांनीच स्वतःला विचारावे : आपल्या गावात असे कोणते घर आहे, ज्याच्या बांधकामाला आपण हात लावणार नाही? शेताच्या बांधावरून, वडिलोपार्जित वाटणीवरून किती भावाभावांनी एकमेकांची पायरी सोडली आहे, हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. पवित्र मिस्सामध्ये आपण शेजाऱ्याला शांती देतो, आणि बाहेर पडताच त्याच्याकडे पाठ फिरवतो. विंक्तच्या लोकांना आपल्यापेक्षा कितीतरी मोठे दुःख विसरायचे होते. येत्या पावसाळ्यापूर्वी त्या अबोल शेजाऱ्याचे छप्पर शाकारायला आपण एक दिवस गेलो, तर आपलीही सेवायात्रा सुरू झाली असे म्हणता येईल.